गारदी व्हाया ठाणे

परका शब्द मराठीत कुठूनही यावा, त्याला पहिला प्रश्न एकच विचारला जातो: तो, ती की ते? पारपत्र नको, व्हिसा नको, पोलिसांचा ना-हरकत दाखला नको. लिंग सांगा आणि वाक्यात बसा. रिक्षा जपानहून आली. तिथे ती 'जिनरिकिशा' होती, म्हणजे माणसाच्या बळावर चालणारी गाडी. त्यातला 'जिन' म्हणजे माणूस. तो वाटेतच कुठेतरी उतरला. डोंबिवली स्टेशनाबाहेर हात दाखवून उभं राहिलं की रिक्षाला माणूस का नको असतो, याचा उलगडा व्युत्पत्तीतूनच होतो.

लिंग ठरवायची पद्धतही सोपी आहे. चाकं असलेल्या आणि माणसं वाहणाऱ्या वस्तूंत 'गाडी' वडीलधारी, म्हणून तिचं लिंग सगळ्यांना. ट्रेन ती, लोकल ती, बस ती, टॅक्सी ती, सायकल ती, आणि मेट्रोही तीच. 'आठ-दहाची फास्ट गेली' म्हणताना 'फास्ट' हे बिचारं विशेषण होतं हे कोणाला आठवतही नाही. ओझी वाहायची वेळ आली की मात्र ट्रक, टेम्पो, टँकर, ट्रॅक्टर असे सगळे पुरुष पुढे येतात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापलं गेलं, म्हणजे मुंबई-ठाणे आगगाडीच्या सतरा वर्षं आधी. त्यांची या कटकटीतून सुटका झाली.

लिंग ठरलं तरी अनेकवचनाचा घोळ उरतोच. 'बस'चं मराठी अनेकवचन 'वाट-वाटा'च्या चालीने केलं तर 'बसा' होतं. स्टॉपवर तासभर उभ्या असलेल्या माणसाला 'बसा आल्या' सांगणं जोखमीचं आहे. 'भिंत-भिंती'च्या चालीने केलं तर 'बशी' होतं आणि कपाची चौकशी सुरू होते. शेवटी मराठीने इंग्रजीचीच शेपटी धरली आणि 'बसेस' म्हणून मोकळी झाली.

हे सगळे अलीकडचे पाहुणे. मला कुतूहल आहे ते एका जुन्या फ्रेंच गृहस्थाचं. हा मराठीत दोनदा आला, दोन वेगळ्या वेशांत आला, आणि दोन्ही वेळा त्याचा ठाण्याशी संबंध आला. त्याचं मूळ नाव 'गार्द'.

पहिल्यांदा तो आला दख्खनेतून, फौजेबरोबर. १७५१ च्या सुमाराला फ्रेंच सेनापती बुसी निजामाच्या दरबारात येऊन बसला आणि त्याने एतद्देशीय शिपायांना युरोपीय कवायत शिकवली. मराठी कागदांत हा 'मुसा बुसी'. 'मस्यु' म्हणजे श्रीयुत, त्याचा आपण मुसा केला. हैदराबादेत पुढे आलेल्या मस्यु रेमाँचा तर 'मुसा राम' झाला आणि तिथलं मुसारामबाग आजही त्याच्या नावाने आहे. एका फ्रेंच माणसात मुसा आणि राम दोघांनाही बसवून टाकणारी ही आपली उच्चारपद्धती. तेव्हा 'गार्द'चा 'गारदी' होणं म्हणजे किरकोळ काम. आपल्या वसई-ठाण्याच्या बाजूने पोर्तुगीज 'ग्वार्दा'ही या शब्दावर हक्क सांगू शकतो. पण कवायत शिकलेले, कवायतीने बंदुका झाडणारे हे गारदी बुसीच्या तालमीतून निघाले, म्हणून मान फ्रेंचांना देतात. त्यांच्यातला सर्वांत नामांकित इब्राहिमखान गारदी. बुसीकडे शिकला, निजामाकडे राहिला, मग सदाशिवरावभाऊंकडे आला आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर भाऊंच्या बाजूने अखेरपर्यंत लढला.

आता व्याकरण. फ्रेंचमध्ये लिंगं दोनच, नपुंसकलिंगाची भानगड नाही. पण 'गार्द' हा शब्द दोन्हीकडे पाय ठेवून आहे. 'ला गार्द' म्हटलं की स्त्रीलिंगी: पहारा, पहाऱ्याची तुकडी. 'ल गार्द' म्हटलं की पुल्लिंगी: पहारेकरी. मराठीत 'ल' आणि 'ला' नाहीत. 'ला' आहे, पण तो चतुर्थीच्या कामात गुंतलेला. तर मराठीने काय करावं? एकाचे दोन शब्द केले. तुकडी ती 'गारद', स्त्रीलिंगी. त्यातला माणूस तो 'गारदी', पुल्लिंगी. तेल-तेली, माळ-माळी या जुन्या साच्यात फ्रेंच शिपाई असा काही बसला की नंतर भाषाशुद्धीवाल्यांनाही तो परका वाटला नाही. वाटलाच तर फारसी वाटला. फ्रेंच असल्याचा संशय कोणाला येणार?

गंमत पुढे आहे. माळ्याचं जसं 'एक माळी, दहा माळी', तसं 'एक गारदी, दहा गारदी'. आणि गारदेचं अनेकवचन 'भिंत-भिंती'च्या चालीने केलं तर तेही 'गारदी'च. म्हणजे 'गारदी आल्या' म्हटलं की पहारा वाढला, वाड्यातल्यांनी निवांत झोपावं. 'गारदी आले' म्हटलं की पळावं. जीव वाचणार की जाणार हे क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरावर. शिवजयंतीला जी ललकारी देतात तिलाही गारदच म्हणतात. क्रिकेटच्या बातमीतला 'संघ नव्वद धावांत गारद' मात्र यांच्या कुळातला नाही. तो अरबी 'गारत'कडून, म्हणजे लुटालुटीकडून आलेला.

या शब्दाने मराठी इतिहासात जे काही केलं, तेही शेवटी अक्षरावरच येऊन ठेपतं. ३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस. पगार थकल्याची तक्रार घेऊन गारदी शनिवारवाड्यात घुसले, पुढे सुमेरसिंग गारदी. अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे काकांकडे धावले. काका म्हणजे रघुनाथराव. आख्यायिका अशी की हुकूम होता 'धरावे', कोणीतरी 'ध'चा 'मा' केला आणि झालं 'मारावे'. व्याकरणाच्या नजरेने बघा: विध्यर्थ तसाच, प्रत्यय तसाच, प्रयोग तसाच. बदलला फक्त धातू. व्याकरणाची एकही चूक नसलेलं इतकं महागडं मुद्रितशोधन मराठीत दुसरं झालेलं नाही.

आणि ठाणेकरांनो, याची किंमत तुम्ही मोजलीत. पेशवाई कोणाची यावरून भांडण लागलं, रघुनाथराव इंग्रजांच्या मदतीच्या खटपटीला लागले आणि इंग्रजांनी मदत देण्याआधीच डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला घेऊन टाकला. पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी तो १७३७ साली मिळवला होता. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला, १७८२ च्या सालबाईच्या तहात ठाण्यासकट साष्टी इंग्रजांकडेच राहिली. पुढे याच किल्ल्यात तुरुंग झाला. म्हणजे ठाण्याचा किल्ला एका परक्या शब्दामुळे गेला आणि दुसऱ्या परक्या शब्दाच्या कामी आला, कारण 'तुरुंग'ही पोर्तुगीजांकडचाच.

किल्ला गेला नसता तर १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली ती गाडी ठाण्यालाच आली असती का, हा विचार मी पारसिक बोगद्यात गाडी थांबली की करायचो. चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे आणि पुढे तीन इंजिनं: साहिब, सिंध आणि सुलतान. इंग्रजांनी इंग्लंडहून आणलेल्या इंजिनांत एकाचंही नाव इंग्रजी नाही. पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले. आणि गाडीच्या शेपटाला, हिरवी-लाल निशाणं आणि शिट्टी घेऊन, आपला फ्रेंच गृहस्थ दुसऱ्यांदा आला. या वेळी इंग्लंडमार्गे, टोपी घालून. नाव: गार्ड.

गारद्यांनी इंग्रजांना ठाण्यात आणलं, इंग्रजांनी गार्डाला आणलं. एकाच शब्दाने आधी वाट मोकळी केली आणि मग शिट्टी वाजवली.

डोंबिवलीला सकाळी फलाटाच्या कल्याणकडच्या टोकाला उभं राहिलं तर हा गार्ड अगदी जवळून बघता येतो. गाडी थांबते. तो शेवटच्या केबिनच्या दारातून अर्धा बाहेर झुकतो आणि बारा डब्यांच्या लांबीवर नजर टाकतो. समोर दृश्य काय असतं? प्रत्येक दाराला माणसांचा झुबका. त्यात एकाचा पाय आत आणि बॅग बाहेर, दुसऱ्याची बॅग आत आणि पाय बाहेर. दारात एक पोरगा आणि त्याच्यापुढे एक गृहस्थ.

"काका, जरा आत सरका ना."

"अरे बाळा, ठाण्याला उतरायचंय मला."

"काका, ठाण्याला अजून वीस मिनिटं आहेत. मी आत्ता उतरतोय इथेच, हवेत!"

नारायणरावांनंतर 'काका' या शब्दात इतका आर्त सूर फक्त डोंबिवलीला लागतो. फरक एवढाच की इथले काका खरंच सरकतात. चार इंच सरकतात, पण सरकतात. गार्ड हे सगळं बघून दोनदा घंटी देतो, पुढे मोटरमन उत्तर देतो, गाडी हलते. गारद्यांच्या काळात याला मुत्सद्देगिरी म्हणाले असते.

हा गार्ड मुळात फ्रेंचांचाही नाही. त्यांनी तो जर्मन टोळ्यांकडून घेतला. तिकडे सुरुवातीला 'व' होता, फ्रेंचांनी त्याचा 'ग' केला. म्हणून 'गार्ड' आणि 'वॉर्ड' चुलत भाऊ. एक शेवटच्या डब्यात उभा राहतो, दुसऱ्यात निवडणुकीला माणसं उभी राहतात. याच 'व' आणि 'ग'च्या अदलाबदलीतून 'वॉरंटी' आणि 'गॅरंटी' निघाल्या. एकाच शब्दाची ही दोन बोलींतली रूपं. एक उत्तर फ्रान्सच्या नॉर्मन उच्चाराची, दुसरी मुख्य फ्रेंच वळणाची. मानपाडा रोडवरच्या दुकानात मिक्सर घेताना तुम्ही विचारता, "गॅरंटी आहे का?" आणि दुकानदार म्हणतो, "गॅरंटी नाही साहेब, वॉरंटी आहे." तो तुम्हाला फसवत नसतो. तो फक्त नॉर्मन असतो.

एकदा फ्रेंच शोधायला लागलं की मध्य रेल्वे सगळी फ्रेंच दिसायला लागते. ट्रेन, स्टेशन, प्लॅटफॉर्म, तिकीट, क्लास, सिग्नल, पास ही सगळी मंडळी इंग्लंडात शिकली असली तरी घर फ्रान्समध्ये. इकडे येताना त्यांनी लिंगंही बदलली. फ्रेंचमध्ये ट्रेन पुल्लिंगी, आपल्याकडे ती. स्टेशन स्त्रीलिंगी, आपल्याकडे ते. प्लॅटफॉर्म स्त्रीलिंगी, आपल्याकडे तो. तिकीट पुल्लिंगी, आपल्याकडे ते. चारांपैकी चारही बदलले. त्यात तिकिटाची कथा तर खास रेल्वेला शोभणारी. फ्रेंच 'एतिकेत' म्हणजे चिकटवलेली चिठ्ठी. ती इंग्लंडला गेली, अंग चोरून 'टिकेट' झाली, आणि एकोणिसाव्या शतकात तशीच परत फ्रान्सला आली. हे जगातलं पहिलं रिटर्न तिकीट. तिच्याच पोटचा दुसरा शब्द 'एटिकेट'. दोघं सख्खे. आपल्या सेकंड क्लासात मात्र एकच चढतं.

याच फ्रेंच घराण्यातली 'पलटण' बघा. कोणी तिचा संबंध 'प्लॅटून'च्या पूर्वजाशी म्हणजे 'पलोताँ'शी लावतात, कोणी 'बताय्याँ' म्हणजे बटालियनशी. बाप कोणता याचा वाद असेल, पण दोन्ही दावेदार फ्रेंचच. 'पलोताँ'चा मूळ अर्थ सुताचा छोटा गुंडा. मराठीत पलटणीने लिंग बदललं, बढती घेतली, आणि निवृत्तीनंतर लग्नकार्यात नोकरी धरली: 'आली का मामाकडची पलटण?' पुण्याने तिला कबड्डीत घातलं आणि 'पुणेरी पलटण'ने प्रो कबड्डीचा दहावा हंगाम जिंकून दाखवला. 'काडतूस'ही त्यांचंच, 'कार्तूश'. तिकडे स्त्रीलिंगी, इकडे नपुंसक. तरी घरातल्या तिखट मुलीला 'काडतूस आहे नुसतं' म्हणतो आपण, म्हणजे अर्थाने तिला तिचं लिंग परत दिलं.

आता मुद्दा. शब्द मराठी झाला हे ओळखायचं कसं? कोश सांगतो ते उशिरा सांगतो. खरी परीक्षा सामान्यरूपाची. नामाला विभक्ती लागताना त्याने कंबरेत वाकलं पाहिजे. घोडा वाकून 'घोड्याला' होतो, माळी वाकून 'माळ्याला'. डोंबिवलीच्या फास्टमध्ये चढणाऱ्याचंही तेच असतं: जो वाकतो, अंग चोरतो, बॅग पुढे घेतो, त्याला जागा मिळते, जो ताठ राहतो तो दारात लटकतो. गारदी वाकला. गारद्याने, गारद्यांचा, गारद्यांनी. शब्द अगदी आत, पंख्याखाली जाऊन उभा राहिला. पलटण वाकली: पलटणीत. काडतूस इतकं वाकलं की त्याचा दीर्घ ऊकारही ऱ्हस्व झाला: काडतुसाने. तिकीटही तसंच: तिकिटाला. बँक वाकली: बँकेत. प्लॅटफॉर्म ताठ राहिला, तर लोकांनी त्याचं परस्पर 'फलाट' केलं आणि मग वाकवलं: फलाटावर.

मग गार्ड? तो नेमका दारात आहे. जुने लोक म्हणायचे 'गार्डाचा डबा', 'गार्डाने शिट्टी मारली'. त्यांच्याच तोंडी स्टेशनात, ऑफिसात, कॉलेजात. त्या पिढीपुढे परका शब्द आला की दुसऱ्याच दिवशी वाकायचा. आताची पिढी म्हणते 'गार्डचा', 'स्टेशनमध्ये', 'ऑफिसमध्ये', 'कॉलेजमध्ये'. शब्दांना वाकवायचं सोडून आपण त्यांच्यामागे 'मध्ये' नावाचा हमाल लावला. तो बिचारा दिवसभर ताठ उभे शब्द उचलून वाक्यात नेऊन ठेवतो. अपवाद फक्त वॉर्डाचा. 'आमच्या वॉर्डात कोण उभं आहे?' असं सगळे विचारतात, 'वॉर्डमध्ये' क्वचित. राजकारणात आल्यावर कोणताही शब्द वाकायला शिकतो.

डोंबिवलीत २०१७ साली नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, ठाण्यात २०१० ला चौऱ्याऐंशीवं. मराठीचं काय होणार, ही चिंता अशा मांडवांत हमखास असते. त्या चिंतेत नेहमी इंग्रजी शब्दांची संख्या मोजली जाते. संख्येने काही बिघडत नाही. गारद्यांनी शनिवारवाडा बुडवला, भाषा नाही बुडवली. शब्द किती आले यापेक्षा आल्यावर त्यांना वाकवायची आपली रग किती उरली, हे मोजायला हवं. परक्या शब्दाला न वाकवता नुसतं उभं ठेवणं यात आदर कमी आणि आळस जास्त आहे.

गार्ड वाकेपर्यंत थांबावं म्हटलं, तर रेल्वेनेच त्याला उतरवलं. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वे बोर्डाने फर्मान काढलं: यापुढे गार्ड नाही, 'ट्रेन मॅनेजर' म्हणायचं. पदाची प्रतिष्ठा वाढली याचा आनंदच आहे. पण व्याकरणाच्या बाजूने बघता 'ट्रेन मॅनेजराच्या डब्यात' असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. फलाटावर अजूनही 'गार्डच्या डब्याशेजारचा लेडीज' हीच खूण सांगतात. पेशव्यांना गारदी बदलता आले नाहीत, रेल्वेलाही गार्ड बदलणं सोपं जाणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, नियम सांगितलात, मग आपल्या गावांना लावून दाखवा. लावतो. डोंबिवली वाकते: डोंबिवलीत. ठाणे वाकतं: ठाण्यात. इतकं की 'ठाण्यात बोलावलंय' म्हटल्यावर शेजारी विचारतात, 'शहर की पोलीस?' पण कल्याण? अस्सल संस्कृत, परका गंधही नाही, आणि तरी कोणी 'कल्याणात राहतो' म्हणत नाही. कल्याणला राहतो, कल्याणमध्ये राहतो. शिवरायांच्या गोष्टीतली ती सून सुभेदाराचीच, पण तो सुभेदार 'कल्याणचा', 'कल्याणाचा' नव्हे. फ्रेंच गारदी दोन पिढ्यांत वाकला आणि हा घरचा शब्द शतकानुशतकं ताठ. पण त्याचंही चूक नाही. डोंबिवलीला लांबच्या बहुतेक गाड्या थांबतच नाहीत, तिने वाकूनच चढायला हवं. कल्याण पडलं जंक्शन. जिथे मेल-एक्स्प्रेस येऊन थांबतात, कर्जत-कसाऱ्याचे फाटे फुटतात, त्याने एका सप्तमीच्या प्रत्ययासाठी कंबर का वाकवावी?